आधी तिची बाजू

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मंगळसूत्राबरोबर चांदीच्या पत्र्याचा एक छोटा टाकही माझ्या गळ्यात आला. नवऱ्याची पहिली बायको तापाने गेली होती, आणि दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीच्या नावाचा टाक घालायचा ही आमच्याकडची रीत. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. कुंकू आधी तिला. सणाचं ताटही आधी तिला, तेही दार ओढून घेऊन, कारण ती जेवताना कुणी बघायचं नसतं. "आदी ती, मंग तू," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तू इसरलीस तरी ती नाय इसरायची गं." माझा स्वभाव मुलखाचा भांडखोर, पण गेलेल्या बाईशी भांडणार तरी कशी? मी मान हलवली आणि चहा ठेवायला गेले.

आमचं गाव भिवपुरीजवळ. नवरा वीजकेंद्रात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात शेताकडे बघतो. बाहेरच्या खोलीत खाटेखाली रेकॉर्डींची एक पेटी होती आणि वर फडक्याखाली झाकलेला प्लेअर. पहिलीचा भाऊ बोटीवर नोकरीला, तो परदेशी बंदरांतून बहिणीसाठी हे आणायचा. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तो न चुकता आला. पाटावर बसला, मला म्हणाला, "आता तूच माजी बहीण," आणि ओवाळणीत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन रेकॉर्डी घातल्या. साडीची वाट बघणारी मी, मला आधी रागच आला. मग एक लावून बघितली आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

ती रेगेची, जमैका बेटावरची गाणी होती. पण मुळातली रेगेची नव्हेत. अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी आतड्यापासून गायलेली सोलची गाणी घ्यायची आणि जमैकात ती संथ करून, ठेका उलटा धरून पुन्हा गायची, असा तो प्रकार. आपण जिथे टाळी देऊ तिथे हे लोक गप्प बसतात, आणि आपण गप्प बसू तिथे गिटारची टिचकी पडते. मूळ गाणं मी मोबाईलवर शोधून ऐकायचे, मग रेकॉर्ड. तेच शब्द, तीच चाल, पण दुसऱ्याच माणसाच्या तोंडून. माझ्यासारख्या बाईला ते आवडलं यात नवल काय!

पुढे मी स्वतःच मागवायला लागले. कुरियरवाला गावात शिरत नाही, स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये पार्सल ठेवून जातो, आणि मेडिकलवाला दर वेळी विचारतो, "काकी, पुन्हा थाळ्या आल्या का?" या एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डींच्या मधलं भोक मोठं असतं, आमच्या प्लेअरच्या खुंटीवर ती नीट बसत नाही. मी नारळाची करवंटी घासून तिची एक चकती केली. ती जराशी एका बाजूला गेली की गाणारा रडल्यासारखा हेलकावे खातो, म्हणून बोटाने चाचपून मध्य साधावा लागतो.

पहिलं पार्सल घरी आलं तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "नवीन हाय ना? मंग आदी तिला." मला हसू आलं, पण रीत ती रीत. रेकॉर्डीच्या एका बाजूला गाणं असतं. दुसऱ्या बाजूला तेच गाणं असतं, फक्त गाणाऱ्याला काढून टाकलेलं. नुसता ढोल आणि खोल बास, मध्येच कुठून तरी गायकाचा अर्धा शब्द वर येतो आणि बुडतो. मी वाटणी करून टाकली. आवाजाची बाजू तिची, बिनआवाजाची माझी. दुपारी तिची बाजू लावायची, मधलं दार ओढून घ्यायचं आणि आत स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ जाऊन बसायचं. गाणं संपलं की जाऊन बाजू उलटायची.

आमचा प्लेअर जुना. गाणं संपलं तरी सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहते, हाताने उचलावी लागते. एके दिवशी खरखर ऐकूच आली नाही. दार उघडलं तर दांडी उचलून जागेवर नीट ठेवलेली. खोलीत कुणी नाही. मी विचारलं तर सासूबाई तांदळातले खडे काढत शांतपणे म्हणाल्या, "ऐकलंन् तिनं. पोट भरलं." मग ते वरचेवर, वर्षानुवर्षं होत राहिलं. एखाद्या आठवड्यात तर रोजच गाणं अर्ध्यात तुटायचं. लाईट असायची, थाळी फिरत असायची, आणि दांडी मात्र बाजूला. तेव्हाही सासूबाई माझ्या शेजारीच असायच्या.

भीती वाटायची, पण भीतीपेक्षा हेवा जास्त वाटायचा, हे सरळच सांगते. नवरा या रेकॉर्डींचं नाव काढायचा नाही. कधी हात लावला नाही, कधी विचारलं नाही. मी समजून चुकले होते की गाणी तिची तसा तोही तिचाच. मला फार काही नको होतं. एकदा त्याच्या शेजारी बसून आवाजाची बाजू ऐकायची होती.

मग सासूबाई काही दिवसांसाठी नणंदेकडे खालापूरला गेल्या. त्याच आठवड्यात मी फार दिवस शोधत होते ती रेकॉर्ड मिळाली. रीतीप्रमाणे लावली, दार ओढलं, आत गेले. गाणं मध्यावर आलं आणि अडकलं. एकच शब्द, पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच. गाणारी बाई कुणाला तरी थांब म्हणत होती आणि तिला पुढे जाताच येत नव्हतं. बघायचं नाही, हे मला ठाऊक होतं. पण सुई माझी रेकॉर्ड खरवडत होती! मी उठले आणि दार ढकललं.

प्लेअरपाशी पाठमोरं कुणीतरी वाकून बसलं होतं. मग ते वळलं. नवरा होता. पहिली पाळी संपवून आलेला, एका बोटाने दांडी हलकेच पुढे सरकवत होता.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मंग कोन?" तो ओशाळला. "पहिल्या पाळीला रोज पडवीतून येतो. ऐकतो आनि नाक्यावर जातो. आईला दिसलं का म्हनंल, अजून रडतोस. मला वाटलं, तू माज्यासाठी लावतेस. पन मी यायच्या टायमाला तू आत. म्हटलं, बाईला आपल्याजवळ बसायचं नाय."

एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही इतकी वर्षं बसलो होतो. मला रडू आवरेना. मी त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. गाणं संपलं, त्याने दांडी उचलली.

"तिला फार आवडायची ना ही गाणी?" मी विचारलं.

"तिला?" तो हसलाच. "अजिबात नाय. भाऊ आनतो म्हनून ठेवायची. मी लावली का अर्ध्यात उठून सुई उचलायची. डोकं दुखतं म्हनायची."

मी त्याच्याकडे वळले. "आणि अर्ध्यात बंद व्हायचं तेव्हा? ते का उचलत होतात?"

"मी? मी कदी अर्ध्यात नाय उचलली."

"दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत तुटायचं," मी आठवून म्हटलं.

"दुसऱ्या पाळीला मी दुपारी घरी कसा असीन गं?" तो म्हणाला. मग त्याने उठून प्लेअरवर फडकं टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी लागली. सासूबाई अजून खालापूरलाच होत्या. दुपारी मी पडवीच्या दाराला आतून कडी लावली, तीच रेकॉर्ड काढली, आवाजाची बाजू लावली आणि या वेळी आत न जाता खाटेवर बसून राहिले. घरात मी एकटी. गाणं मध्याकडे आलं तशी खोली गार वाटायला लागली. दांडी किंचित थरथरली, किंवा मला तसं दिसलं. मी मोठ्याने बोलले. "बाई, इतकी वर्षं तुझ्या मानाचं म्हणून नको ते तुझ्या गळ्यात मारलं, माझं चुकलं. तुला त्रास होत असेल तर तू जा. मला मात्र हे पुरं ऐकायचंय."

गाणं शेवटपर्यंत वाजलं. गाणाऱ्या बाईने शेवटची ओळ ओढून ओढून म्हटली आणि सोडली. मी उठून दांडी उचलली, तोंडावर पाणी मारायला वळले. पडवीच्या दाराची कडी निघालेली होती. एक फळी उघडी होती आणि अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. मी दारात जाऊन उभी राहिले. दार लावायला हात पुढे केला, पण पहिलीला शेताच्या बांधावरून नजरेआड होईपर्यंत वेळ लागेल असं वाटलं, म्हणून ते तसंच उघडं ठेवलं.