दोनदा खळ दिलेलं घोंगडं

माझं डोकं आजही त्या एका ओळीपाशी येऊन भणभणतं. 'धुतल्यानंतरचं वजन.' टेंडरच्या अटींत ही ओळ मी स्वतः वाचली होती, खाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. आणि मनात म्हटलं, लोकर काय साखर आहे विरघळायला.

सरकारी वसतिगृहांना घोंगडी पुरवायची होती. अजिंठ्याकडच्या आमच्या गावात आबांचा, माझ्या वडिलांचा, माग तेवढा उरला होता. काम मिळालं असतं तर तो चालू राहिला असता, शेजारच्या बायांना सूत कातायला मिळालं असतं. नाहीतर वाळूजच्या एका कंपनीत वॉचमनची जागा मामानं आबांसाठी बघून ठेवलेलीच होती.

मी शहरात, औरंगपुऱ्यात टायपिंगच्या दुकानात कामाला, म्हणून कागदांचं झेंगट माझ्या गळ्यात पडलं. लहान धंदेवाल्यांना टेंडर भरायला मदत करणारा एक सरकारी कक्ष होता. मदत केली नाही असं मी म्हणणार नाही. साहेबांनी नोंदणी करून दिली, अनामत माफ करून दिली, तीन दिवस ट्रेनिंग दिलं, वर चहा पाजला. सही कुठं, शिक्का कुठं, पाकीट कसं बंद करायचं, सगळं शिकवलं. पण तीन दिवसांत एकानंही घोंगडं कसं बनतं ते विचारलं नाही. आणि मी एवढी शहाणी, आबांना नुसतं वजन सांगितलं, ती ओळ वाचून दाखवलीच नाही.

आबांनी इकडं नमुन्याच्या घोंगड्याला दोनदा खळ दिली. खळ म्हणजे चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली चिकट पेज. नवं घोंगडं कडकच पाहिजे, हा आमच्याकडचा रिवाज. मऊ निघालं तर गिऱ्हाईक म्हणतं, जुनं गळ्यात मारता व्हय? एरवी आबा एकदाच खळ देत. "सरकारच्या हातात जायचंय माय," ते म्हणाले, "उभं केलं तर उभं राहिलं पायजे." वजन त्यांनी खळीसकट धरलं होतं.

तपासणीत घोंगडं धुतलं, खळ निघून गेली, वजन कमी भरलं. नमुना बाद. मी तणतणतच मदत कक्षात गेले. म्हटलं, "साहेब, आठ दिवस द्या. आम्ही लोकर वाढवून दुसरं विणून देतो." साहेब खरंच हळहळले. म्हणाले, "ताई, नमुना एकदाच घेतात. आमची मदत कागदांपुरती." असा संताप आला, पण भांडायचं कोणाशी? चूक निम्मी माझीच होती.

ते घोंगडं घेऊन मी गावी गेले. तपासणीसाठी मधोमध वीतभर चौकोन कापून घेतलेला. आबांनी ते गालाला लावलं. "दोन पावसाळे वापरल्यावर होतं, तसं मऊ झालंय," म्हणाले. मग मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली.

"आधी वाचली असतीस तर खळ दिलीच नसती की गं," एवढंच म्हणाले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वाळूजच्या गेटवर आबा थंडीत तेच घोंगडं पांघरून बसत, चौकोनाला आईच्या लुगड्याचं ठिगळ लावलेलं. कंपनीतली माणसं थांबून विचारत, "बाबा, लई भारी हाय. असलं कुठं मिळंल?"

आबा सांगत, "आता नाय मिळत."