मायासंग बोललेलं

माधुरीचा निरोप आला तेव्हा मी शाळेत, स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते. 'आत्या, बाबा गेले.' एवढंच. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि हातातली वही शेवटच्या पानापर्यंत तपासली. का, ते आजही सांगता येणार नाही. मग उठले, मुख्याध्यापिकांना सांगितलं आणि वाडीला, भाऊच्या घरी जायला ऑटो केला. रस्ताभर एकच गोष्ट मनात येत होती. आमच्या घरातली प्रत्येक बातमी, बरी असो की वाईट, मोठ्यानं ओरडून सांगितली गेली होती. ही एकटीच अशी, आवाज न करता आली...

भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ मनोहर. आम्ही उमरेडचे. घरात हातमाग होता, दिवसभर त्याची खटखट चालायची आणि त्या खटखटीतून एकमेकांपर्यंत पोचायचं तर ओरडण्यावाचून इलाज नव्हता. वडील ओरडून बोलत, आई ओरडून बोले, आम्हीही. पुढे माग बंद पडला, विकला गेला, पण आमचे आवाज काही खाली आले नाहीत. मला त्याचा उपयोग वर्गात झाला. भाऊला वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात झाला. तिथे गाड्या लावायच्या, माल उतरवून घ्यायचा, ड्रायव्हरांना हाका मारायच्या. अमरावती रोडवर ट्रकांचे हॉर्न वाजत असायचे आणि त्यांच्या वरताण भाऊ. त्याच्या लग्नात गुरुजींनी त्याला हळू बोलायला सांगितलं होतं, तर हा म्हणाला, "हळूच बोलून राहिलो ना महाराज!" आणि सगळा मांडव हसला होता.

मोबाईलवर टाईप करणं त्याला कधी जमलं नाही. जाड बोटं आणि जाड चष्मा. मग माधुरीनं त्याला आवाजाचा निरोप पाठवायला शिकवलं आणि आमच्या घरात नवं पर्व सुरू झालं. मी राहते नंदनवनला, तो वाडीला, शहराची दोन टोकं. पण रोज सकाळी त्याचा निरोप यायचा. प्रत्येक निरोपाची सुरुवात एकच, "शालू, ऐकून राहिली का वं?" जसं काही मी पलीकडून हो म्हटल्याशिवाय तो पुढे बोलणारच नव्हता. मग भाव, हवा, गोदामातली भांडणं, माधुरीच्या सासरची खुशाली. कधी रेकॉर्डिंगचं बटण वर सरकवून अडकवायचा आणि बंद करायचंच विसरायचा. मग बोलणं संपल्यावरही बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरचे ट्रक, कुणाकुणाची पावलं मला ऐकू येत राहायची. मी ते अर्ध्यातच बंद करून टाईप करून उत्तर द्यायची.

मग आवाज बसला. महिना झाला तरी उघडेना. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घसा धरला असेल म्हणत त्यानं दिवस काढले. शेवटी धंतोलीतल्या एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. वहिनी, माधुरी आणि मी, तिघी मागे उभ्या होतो. भाऊनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "जीव राहते ना? मंग काढून टाका." ऑपरेशनच्या आधी माधुरी त्याच्या मागे लागली होती, बाबा, काहीतरी बोला, रेकॉर्ड करून ठेवू. तो वैतागला. "काहून? मरून राहिलो का मी?" ती रडायला लागली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला, पण बोलला काहीच नाही.

ऑपरेशननंतर गळ्याला श्वासासाठी छिद्र राहिलं आणि घर एकदम शांत झालं. तो पाटीवर लिहायचा, खुणा करायचा, चिडायचा. सकाळचे निरोप बंद झाले. मी फोन उघडायची आणि तसाच ठेवून द्यायची. एकदा मी त्याला भेटून घरी परतले, चपला काढत होते, तर फोन वाजला. पाहते तर भाऊचा आवाजाचा निरोप... मला वाटलं चुकून लागला असेल. दाबला. "शालू, ऐकून राहिली का वं? पोचली का घरी? पाऊस लय होता."

बाहेर कडक ऊन होतं. मी तिथेच दारात बसले. झालं होतं असं की त्यानं आमच्या गप्पांमधून मागे मागे जाऊन स्वतःचाच जुना निरोप शोधून काढला होता आणि मला परत पाठवला होता.

त्या दिवसापासून भाऊ पुन्हा बोलायला लागला. वहिनी सांगायच्या, पलंगावर बसून तासन् तास फोन कानाला लावून असतात. फोटो आणि कागदपत्रं नाव दाबलं की एका जागी सापडतात, पण त्याचे निरोप तिथे नसत. ते बोटानं गप्पा वर सरकवत, एकेक ऐकत शोधावे लागायचे. माधुरीनं त्याला चांदणीची खूण करायला शिकवलं, म्हणजे कामाचे निरोप वेगळे राहतील. जेवलीस का, येतो, नको, माधुरीचा फोन आला होता... अशी त्याची शिदोरी जमली. नेमकं उत्तर नसेल तर जवळपासचं पाठवायचा. मी विचारलं, ताप उतरला का? तर उत्तर आलं, "हाव वं, पण टायर बदलावा लागते." आम्ही दोघंही आपापल्या घरी किती हसलो असू. तो हसला तर आवाज होत नसे, नुसते खांदे हलत. तशी तीन-एक वर्षं गेली. मग दुखणं फिरून आलं आणि ह्या वेळी ते थांबलं नाही.

तेरवीला वाडीच्या घरी सगळे जमले. जेवणं झाल्यावर कुणीतरी फोन काढला आणि भाऊचा एक निरोप लावला. मग दुसऱ्यानं. चुलतभावाकडे होते, गोदामातल्या मित्राकडे होते, माधुरीकडे तर कितीतरी. खोलीत पुन्हा तो दणदणीत आवाज. रडता रडता लोक हसत होते. वहिनी उठून आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"त्रास होते का वहिनी? बंद करायले सांगू?"

"नाही बाई, ऐकू द्या त्यांले." बराच वेळ त्या पदरानं एकच कप पुसत राहिल्या. "हे सारं तुमच्यासंग बोललेलं हाय. मायासंग बोललेलं एकही नाही यात."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्या बायकोला कोण कशाला निरोप पाठवील?

"मायासंग ते असे नाही बोलत," वहिनी म्हणाल्या. "मायासंग येगळा आवाज होता त्यांचा. आता आठवाले जाते तं हाच मोठा आवाज येते कानात. तो येतच नाही..."

मी त्यांच्या हातातला कप घेऊन ओट्यावर ठेवला.

घरी आल्यावर मी शोधायला बसले. रोज शाळेतून आले की चहाचा कप घेऊन खिडकीत बसायची. आमच्या गप्पा वर सरकवत गेले, पण त्या संपेनात. बोललेलं शोधता येत नाही, लिहिलेलं तेवढंच सापडतं. मग सुचलं की माझी उत्तरं तर लिहिलेलीच होती. शोधायच्या जागी मी 'वहिनी' हा शब्द टाकला. 'वहिनींना सांग', 'वहिनींची तब्येत', 'वहिनींनी केलेलं लोणचं'... माझ्या वाक्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या वरचा भाऊचा निरोप मी शेवटपर्यंत ऐकला, तो विसरून चालू ठेवायचा ती मागची खुडबुडसुद्धा. काही निरोप फोन बदलताना गेले होते. दाबले की पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा, असं पडद्यावर यायचं. तेव्हा फोन बाजूला ठेवून मी उठायची, भाजी चिरायला घ्यायची.

एका उत्तरात मी लिहिलं होतं, 'वहिनींना म्हणावं, उन्हात नका बसू.' वरचा निरोप उन्हाळ्यातला, लांबलचक. आधी भाऊ त्याच्या नेहमीच्या आवाजात कूलरच्या पंपाविषयी बोलला, वहिनी सकाळपासून गच्चीवर उन्हात बसल्यात असं म्हणाला. मग संपलं. मग जिन्याच्या पायऱ्यांचा आवाज आणि दुरून कुणीतरी माझ्या ओळखीचं नसलेलं बोलायला लागलं. इतकं हळू, की मी फोन कानाशी घट्ट धरला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी वाडीला गेले. वहिनींच्या शेजारी पलंगावर बसले आणि त्यांना लावून दिलं.

"अवं, उतर ना आता खाली. ऊन लागन तुले."

"थोड्याच राहिल्या. कुरडया घातल्याशिवाय कशी येऊ?"

"दे इकडे साचा. मी घालतो."

"तुम्हाले येते का?"

"येत नाही तं शिकव."

एवढंच. पुढे चप्पल सरकवल्याचा आवाज आणि निरोप संपतो. भाऊची बहीण म्हणून मी सारा जन्म त्याला ऐकलं, पण हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. वहिनींनी डोळे मिटले होते. "हाव," त्या म्हणाल्या. "हाच." मग पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्या हसायला लागल्या. "साऱ्या वाकड्या घातल्या होत्या बाप्पा त्यायनं! अन् मले म्हणे, तळल्यावर सरळ होतात." हसता हसता पदर तोंडाला गेला आणि मग बराच वेळ त्या रडल्या. तेरवीलाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

निघताना मी म्हटलं, "तुमच्या फोनवर पाठवून देते, वहिनी."

"नका पाठवू. तुमच्याचजवळ राहू द्या. ऐकावं वाटलं तं मी येत जाईन."

वहिनी एकट्या कधी कुठे गेलेल्या मला आठवत नाही. पण मागच्या रविवारी दाराची कडी वाजली आणि त्या उभ्या होत्या, दोन बस बदलून आलेल्या. आम्ही जेवलो. मग गप्पा सुरू झाल्या त्या ऊन उतरेपर्यंत. माधुरीच्या, उमरेडच्या, त्यांच्या माहेरच्या. त्या इतकं बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या चपला घालायला लागल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं, फोन खिडकीत तसाच पडून होता.

"वहिनी, ऐकायचं राहिलं ना!"

"आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "आज आपणच लय बोललो."