अंगठा उठंना

मुरगूडच्या बाजारपेठेत माझं सेवा केंद्र आहे. शेतकऱ्यांना सरकारी हप्ता मिळतो ना, त्याची केवायसी मी करते. कागदांचे गठ्ठे वर्षाकाठी रद्दीत घालता येतात, पण माणसांचं काय करायचं सांगा! ती डोक्यातच मुक्काम ठोकतात. जेवताना एखादं आठवलं की मी एकटीच हसते, आणि सासूबाईंना वाटतं, सून कामातनं गेली.

बाळासोतात्यांचंच बघा. सातबाऱ्यावर बाळासो, आधारला बाळासाहेब, पासबुकात बाळू. मी समजावलं, तात्या, नावं जुळत नाहीत, कॉम्प्युटरला ही तीन माणसं वाटतात. तात्यांनी टोपी मागं सरकवली. "मग तिघांचं हप्तं सोड की!"

मारुतीमामांची तऱ्हा वेगळी. ओटीपी बायकोलाबी सांगायचा नाही, असं त्यांना बँकेत कुणीतरी बजावलेलं. मग मला कसा सांगतील? दोनदा ओटीपीची वेळ टळली. माझं डोकं फिरलं, कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला आणि म्हटलं, तुम्हीच मारा. मामांनी कीबोर्डवर टॉवेल धरला, आत मुंडी घातली आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत दाबला. बाहेरच्या चहावाल्याला तो ओटीपी अजून पाठ आहे.

मशीनवर अंगठा उठला नाही तर मोबाईलवर चेहरा घ्यायचा असतो. त्यात पापण्या लववाव्या लागतात. मी गणूआप्पांना म्हटलं, आप्पा, डोळं मिचकवा. आप्पांनी दाराकडं बघितलं. परत सांगितलं तर हळूच म्हणाले, "नगं. भाईर आमची मंडळी बसलीया."

पण शेवंताक्का आठवल्या की हसू अर्ध्यातच थांबतं.

अक्का सत्तरीच्या. त्यांच्या वडिलांनी चोळीबांगडीला म्हणून दिलेलं अर्धा एकर रान त्यांच्या नावावर, त्यामुळं हप्ताही त्यांच्याच खात्यात. हप्ता जमा झाला की म्हणायच्या, "बा नं धाडलं."

केवायसीपायी तो थांबला. राखेनं भांडी घासून, शेण काढून, रान भांगलून अक्कांच्या बोटावरच्या रेषाच गेलेल्या. अंगठा उठंना. मोतीबिंदूमुळं चेहराही घेईना, आणि आधारला मोबाईल जोडलेला नाही. तिसऱ्या खेपेला त्या आपल्याच हाताकडं बघत म्हणाल्या, "बा नं धाडायचं सोडलं म्हणायचं."

मी सांगितलं, अक्का, चार दिवस हाताला कसलंच काम लावू नका, खोबरेल चोळा, मग या. त्यांना ते पटेचना. लग्न झाल्यापासनं आपण चार दिवस बसलेलो नाही, म्हणाल्या. त्यांचे मालक दत्तूआबा दारात तंबाखू मळत उभे होते. आबांचा स्वभाव असा, की बायकोशी बोलायचं तेसुद्धा म्हशीकडं बघून. तेव्हाही ते रस्त्याकडंच बघत होते.

पाचव्या दिवशी दोघं हजर. अक्कांनी अंगठा ठेवला. पहिल्यांदा नाही घेतला. दुसऱ्यांदा हिरवी टिक आली! अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"खरंच बसलासा व्हय चार दिस?" मी विचारलं.

"बसतोय कोण? ह्यांनी कशाला हातच लावू दिला न्हाय."

आबांनी विषय बदलला. आलोच आहे तर खात्यावर जमा झालेलं माझं दूधबिल अंगठ्यावर काढून दे, म्हणाले. दर दहा दिवसांनी ते माझ्याकडंच काढतात, आणि त्यांचा अंगठा एका झटक्यात उठतो. ठेवला. उठला नाही. धोतराला पुसून ठेवला. नाही. डाव्या हाताचा ठेवला, तोही नाही.

मी त्यांचा हात उलटा करून बघितला. राखेनं बोटं चिरलेली आणि अंगठा पार गुळगुळीत झालेला.

अक्कांनी तो हात माझ्याकडनं काढून घेतला आणि पदरानं पुसत बसल्या. इथं म्हैस नव्हती, म्हणून आबा वर पंख्याकडं बघत होते.

"आता चार दिस तुमी बसा," अक्का म्हणाल्या.