वळचणीखालची जाळी

बैलगाडी दवाखान्याच्या दारात उभी होती आणि पासलीची म्हातारी सुनेचं बोचकं बांधत होती. सून, पारू, खाटेवर डोळे मिटून पडली होती. बाळंतपण अवघड गेलं होतं. रक्त फार गेलं होतं, अंगात ताप होता. हिला इतक्यात हलवायचं नाही, असं डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं. पासलीपर्यंत गाडी जात नव्हती. पायथ्यापासून पुढे डोलीतून डोंगर चढायचा, तोही चैत्राच्या उन्हात.

"मावशी, ताप उतरेपर्यंत तरी थांबा," मी म्हणाले.

"थांबून काय भाजून मारू तिला? ही खोली हाय का कुंभाराची भट्टी?"

तिचं खोटं नव्हतं. मी वेल्ह्याकडच्या त्या डिस्पेन्सरीत दाई होते. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं साहेबांच्या हाताखाली शिकले. बाळंतिणींची खोली त्या वर्षीच बांधली होती. वर पत्रा, त्याखाली तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत. दोन्हींच्या मधे रिकामा पोटमाळा. धूर वर जावा म्हणून तक्तपोशीत एक चौकोन उघडा ठेवला होता आणि आढ्याला, म्हणजे छपराच्या शेंड्याला, फट होती. तरी उन्हाळा लागला तसा पोटमाळा तापू लागला आणि तक्तपोशी डोक्यावर तव्यासारखी वाटू लागली.

त्यात धुरी. खाटेखाली निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून बाळंतिणीला शेक देतात, ती धुरी. आमच्याकडच्या बायका तिच्याशिवाय राहत नाहीत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्याही गच्च लावलेल्या. सगळा धूर आत कोंडायचा. बाळ खोकायला लागलं होतं.

गलका ऐकून साहेब आले.

"खिडक्या उघडा आधी."

"वारं लागंल तिला."

"मग धुरी बंद करा."

"मग आमी निघालो. आमच्या घरातला धूर कौलातनं जातो. तुमच्या ह्या घराला नाकच न्हाई!"

"नाक आहे हो. आजच मोठं करून घेतलं," साहेब म्हणाले. ते खरं होतं. कामथडीच्या रामा सुताराकडून त्यांनी आढ्याची फट रुंद करून घेतली होती. रामा अजून अंगणात हत्यारं आवरत होता. पण फट रुंद करूनही धूर तसाच.

साहेब वर बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "बाई, ही खोली पहिल्यापासून अशीच कोंदते का?"

पुरुषमाणसासमोर माझा आवाज फुटत नसे. मी खाली बघत उभी राहायचे आणि विचारणारा निघून जायचा. साहेब त्या दिवशी गेले नाहीत. थांबले. मी पारूकडे बघितलं.

"चिमण्यांच्या आधी नव्हती कोंदत," मी म्हणाले.

फाल्गुनात वळचणीला चिमण्यांनी घरटी केली होती. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून त्या आत यायच्या आणि चौकोनातून काड्या, घाण खाटांवर पडायची. म्हणून साहेबांनी वळचणीखाली दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून घेतल्या होत्या.

साहेबांनी लगेच रामाला हाक मारली. "वळचणीच्या फळ्या काढ."

"तुमीच म्हनला मारा, आता तुमीच म्हनताय काढा," रामा कुरकुरत शिडी चढला.

दोन्हीकडच्या फळ्या निघाल्या. साहेबांनी धुरीची पाटी स्वतः उचलून चौकोनाखाली ठेवली. आधी धूर तिथेच घोटाळला. मग सरळ वर गेला आणि बाहेर आढ्यातून निघताना दिसला.

साहेब हसायला लागले. "मावशी, मी नाक मोठं करत बसलो आणि तोंड दाबून धरलं होतं." मग मला समजावलं. तापलेली हवा वरून जाते, पण तिच्या जागी गार हवा खालून आली तरच. ती वळचणीतून येते.

"आन् चिमण्या?" म्हातारीनं विचारलं.

जाळी हवी होती. ती पुण्याहून यायची म्हणजे आठवडा गेला असता. साहेब घरी गेले आणि स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाटच उचलून घेऊन आले. रामानं त्याची जाळी काढून वळचणीखाली ठोकली. त्या उन्हाळ्यात साहेबांच्या घरचं दूध मांजर प्यायलं आणि आमच्या वहिनीसाहेब त्यांना काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

म्हातारीनं पारूच्या तोंडासमोर हात धरून बघितला, मग कानाशी, मग पायाशी. वारा डोक्यावरून चालला होता, खाटेपर्यंत येत नव्हता. खोली अजून गरम होती, पण श्वास घेता येत होता. म्हातारीनं बोचक्याची गाठ सोडली आणि बाहेर ओरडली, "गाडी सोड रं! बैलांना पानी दाव."

पारू ताप उतरल्यावर घरी गेली. पुढचं बाळंतपणही तिनं आमच्याकडेच केलं. म्हातारीनं त्या वेळी आत आल्याबरोबर आधी जाळी बघितली, मग खाट.

साहेबांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. काम शिकवलं, पोटापाण्याला लावलं. पण आठवण निघते ती या दिवसाची. त्यांनी विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबले. त्यानंतर मला बोलणं थोडं सोपं झालं.

आणि एक सवय लागली. कुठल्याही नव्या घरात गेले की मी आधी वळचण बघते. हवेला जायला कितीही मोठी वाट करा, यायला वाट ठेवली नसेल तर ती हलत नाही.