बाळाजीच्या अस्थी घेऊन दोघी

रेवसच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या केसरबाईचा नवरा, बाळाजी, त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर वारला. जन्मात पेणच्या बाजारापलीकडे न गेलेला हा माणूस शेवटच्या दुखण्यात म्हणाला, "मला खाडीत नको सोडू. नाशकाला ने. रामकुंडात."

केसरने कपाळाला हात लावला. "जित्तेपणी मला अलिबाग दाखवलं न्हाय, आन् आता नाशिक!"

तरी ती निघाली. पण गाठोडं बांधून सगुणाही दारात उभी.

सगुणा म्हणजे तिची सवत. मूल होत नाही म्हणून बाळाजीने पेणकडची ही पोर लग्न करून आणली होती, केसरला एका शब्दाने न विचारता. पुढे सगुणालाही मूल झालं नाही. घर एक, चुली दोन, आणि बोलणं भांडणापुरतं, असा संसार वर्षानुवर्षं चालला.

"तू कशाला गो?" केसर म्हणाली.

"ते माजे पन कोनतरी व्हते, बाय."

केसर जास्तच चिडली आणि तरातरा पुढे चालायला लागली.

लाँच सुटली तशी सगुणाला मळमळायला लागलं. भाऊच्या धक्क्यापर्यंत केसरने एका हाताने अस्थींचं मडकं सांभाळलं आणि दुसऱ्याने सवतीची मान धरली. बोरीबंदरला नाशिकच्या गाडीत बसल्यावर उलट्या थांबल्या आणि तोंड सुरू झालं. कल्याण आलं, "नाशिक आलं का?" इगतपुरी आली, "नाशिक आलं का?" समोरच्या बाकावरची म्हातारी हसायला लागली, तेव्हा केसर ओरडली, "आलं की तुला ढकलून देते खाली, मंग समजंल!"

पंचवटीत पोचल्या तेव्हा रामकुंडावर ही गर्दी. कुणी बुडी मारतंय, कुणी पिंड सोडतंय, ओल्या पायऱ्यांवरून पाय सटकतायत. एक भटजी मिळाले. तेही सकाळपासून बोलून घसा बसलेले.

"मुलगा कुठाय?"

"न्हाय."

"पुतण्या, भाऊ?"

"कोनी न्हाय."

भटजींनी सुस्कारा सोडला. "बरं. पत्नीने पुढे या."

दोघी पुढे झाल्या.

"पत्नी, म्हटलं मी!"

"मीच," केसर म्हणाली.

"मी पन," सगुणा म्हणाली.

"अहो, एकीने धरा काय ते! मागे माणसं खोळंबलीत."

सगुणाने मडक्याला हात घातला. केसरने ते स्वतःकडे ओढलं. सगुणानेही सोडलं नाही. दोघींच्या हातांतून मडकं निसटलं, पायरीवर आपटलं आणि फुटलं.

भटजी ओरडले, मागची माणसं ओरडली, आणि राखेतून कुणाचा तरी ओला पाय गेला.

"पाय काढ, मेल्या!" केसर त्या अनोळखी माणसावर धावून गेली. "मानूस हाय तो माजा!"

सगुणा केव्हाच गुडघ्यांवर बसली होती. ती बोटांनी फटींतली राख टिपत होती, हाडांचे तुकडे वेचून पदरात घेत होती, आणि रडत होती. केसरही बसली. तिला सगळ्यांचाच राग आला होता. भटजींचा राग, सगुणाचा राग. आणि सगळ्यांत जास्त बाळाजीचा, जो स्वतः निवांत झाला आणि या दोघींना एकमेकींच्या गळ्यात बांधून गेला.

"तितं बघ, तुज्या पायाशी," ती खेकसली.

"दिसतंय मला, बाय."

"दिसतंय तर उचल."

वेचून झालं तेव्हा अर्ध्या अस्थी केसरच्या पदरात होत्या, अर्ध्या सगुणाच्या. भटजींनी एकदा दोन्ही पदरांकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता मंत्र सुरू केले. दोघी कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. पाणी बर्फासारखं गार होतं. सगुणाचे दात वाजायला लागले, तसं केसरने तिला दंडाला धरलं. पदर सोडले. राख थोडा वेळ पाण्यावर तरंगली आणि गेली.

गावी परतल्या तर सगुणाचा भाऊ रघू ओटीवर वाट बघत बसलेला. "आता इथं तुझं काय हाय? चल घरी," तो बहिणीला म्हणाला.

सगुणाने केसरकडे पाहिलं.

"ने बाबा," केसर म्हणाली. "माजी पीडा टळंल. पन आत्ता न्हाय. मिठाचा हंगाम तोंडावर आलाय, मी येकटी किती ओढू? पावसाळ्यात ये."

पावसाळ्यात रघू आला. केसरने त्याला भाकरी वाढली आणि भाताच्या लावणीचं कारण सांगितलं. दिवाळीला आला तेव्हा कापणी निघाली होती. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

सगुणा राहिली. चुली दोनच राहिल्या, आणि रोज सकाळी केसर आपल्या चुलीपाशी बसून पलीकडे ओरडायची, "किती धूर करतंस गो? लाकडं वाळवून घ्यायला काय झालं तुला?"