गणपतीपुढं ठेवलेला कोड

मी जळत होते. आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. पण माझी सवत म्हणजे पुण्याचा एक बाप्या, नाव मलप्पा. माझा नवरा दर रविवारी सकाळी नऊ ते दहा त्याच्यासंगं टीव्हीवर फुटबॉल खेळायचा. हा इथं, तो तिथं. आता उपटा झिंज्या!

नवऱ्याचं नाव वीरण्णा. उखाण्याची वाट बघू नका, मी सरळ नाव घेणारी बाई हाय. लातूरच्या ट्यूशन एरियात, जिथं गल्लीगल्लीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या लटकतात, तिथं आमचं भाड्याचं घर. पुढच्या खोलीत ह्यांचं गेम पार्लर, मागं माझी मेस. गावोगावची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातुरात येतात. ती मागं जेवायची आणि पुढं खेळायची.

हे मूळचे औसा तालुक्यातले. भूकंप झाला तवा अकरा वर्षांचे होते. आई, बाप, दोन बहिणी, सगळे एका पहाटेत गेले. ह्यांना ढिगाऱ्यातनं काढलं आणि पुण्याच्या एका वसतिगृहात नेलं. दहावी करून लातूरला परत आले, टीव्ही दुरुस्ती शिकले, आणि ट्यूशनचा पूर आला तसे चार टीव्ही, चार गेमच्या मशीन मांडून बसले. हे सगळं मला लग्न ठरवताना माझ्या बापानं सांगितलं. ह्यांनी स्वतः एक अक्षर न्हाई. आठ वर्षांच्या संसारात भूकंप हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला न्हाई. तसे बाकीचे शब्द तरी कुठं उतू चाललेत! "वाढ." "बास." "लाईट गेली." झाला आमचा संसार.

माणूस वाईट न्हाई हो, उलट लई गुणाचा. पार्लरच्या भिंतीवर सगळ्या क्लासेसचं टाइमटेबल चिकटवलेलं. लेकरू आत आलं की पहिला सवाल, "बॅच कोणती?" तिकडं बॅच चालू असली की त्याला क्लासच्या दारापर्यंत सोडून येणार. शेजारचे म्हणायचे, वीरण्णाचं दुकान गिऱ्हाईक हाकलण्यासाठीच काढलंय. हे ऐकून घ्यायचे आणि मशीनवरची धूळ पुसायचे.

पण रविवार आला की ह्याच माणसाच्या अंगात दुसरंच कुणी यायचं. रविवारी सगळ्या क्लासेसमधी टेस्ट, पार्लर रिकामं. हे दार लोटून घ्यायचे, कानाला हेडफोन लावायचे, आणि पहिला शब्द ठरलेला. "मल्या, हायस का?"

मग तासभर नुसतं हसणं. "पळ! अरे पळ की लेका! पळ, पळ!" मी फटीतनं बघायचे. माझ्या लग्नाच्या फोटोत हा माणूस पासपोर्ट काढल्यासारखा उभा हाय. नवी साडी नेसून पुढ्यात गेले तर विचारतो, "लाईटबिल भरलं का?" आणि त्या मल्यानं गोल केला की मांडीवर थापा मारून हसतो! स्वतः हरून वर हसतो! तव्यावरच्या पोळ्या करपायच्या, मेसची लेकरं म्हणायची, काकू, रविवारची पोळी काळी का असते? काय सांगू त्यांना, कप्पाळ?

एकदा विचारलं. "कोण हो हा मलप्पा?"

"वसतिगृहातला."

"मग बोलवा की घरी. पुरणपोळी घालते."

"तो न्हाई यायचा."

संपला विषय. आठ वर्षांत त्या मल्यापुढं माझं नाव एकदा तरी निघालं असंल तर शपथ. लता नावाची बाई ह्या घरात राहती, हे त्याला ठाऊक तरी हाय का, ह्याचीच मला शंका.

दोन हजार बारा साली गेमवाल्या कंपनीनं नवी टूम काढली. ही मला समजावली वैष्णवीनं. नांदेडच्या डॉक्टराची पोरगी, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसलेली, मागच्या गल्लीत खोली करून राहायची आणि माझ्याकडं जेवायची. आईबापाला चोरून भावाची मशीन उचलून आणली होती कार्टीनं. ताटावर बसून ती कंपनीच्या नावानं बोटं मोडायची.

"काकू, आधी कसं, सीडी घ्या, नेट जोडा आणि कुणाशीबी खेळा. आता डब्यात एक चिठ्ठी येते, तिच्यावर कोड. तो घातला तरच ऑनलाइन. सेकंडहँड सीडी घेतली तर पहिल्या मालकानं कोड घातलेला असतो. मग कंपनी म्हणते वेगळे पैसे भरा, आणि तेबी परदेशात चालणाऱ्या कार्डानं. म्हणजे तुम्ही ताटाचे पैसे घेतले आणि वरणाचे वेगळे मागितले तर?"

"तर तू माझ्या डोक्यात ताट घालशील," मी म्हणाले.

हसले, पण माझे कान टवकारले. कारण ह्यांच्या सगळ्या सीड्या हैदराबादहून सेकंडहँड यायच्या. जुन्या सीडीवर ऑनलाइन खेळणं कंपनीनं बंदच करून टाकलं होतं. दोन रविवार हे नुसतेच बसून होते. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, चला, कंपनीच्या रूपानं देवच पावला.

कुठला पावतोय. ह्यांनी हैदराबादच्या दुकानदाराला सांगून कोरी करकरीत सीडी मागवली. माझ्या मिक्सरचं भांडं सहा महिने गळत होतं, त्याला सवड नव्हती. ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं गुरुवारी. घरात गणपती बसलेले. आमच्यात नवी वस्तू आली की आधी देवापुढं ठेवायची, हळदकुंकू लावायचं. ह्यांनी सीडी आणि कोडची चिठ्ठी गणपतीपुढं ठेवली, आणि म्हणाले, "शनिवारी विसर्जन. रविवारी उघडू."

त्याच रविवारी, तीस सप्टेंबरला, कंधारला माझ्या बापाचा निरोप समारंभ. ग्यानोबा गुरुजी, छत्तीस वर्षं शाळेत खडू झिजवून रिटायर होणार. मी म्हणाले, "नऊच्या गाडीनं निघू."

"खेळ झाला की निघू. बाराच्या गाडीनं."

"माझ्या बापाचा सत्कार, आणि तुम्हाला चेंडू सुचतोय? एक रविवार सोडा की!"

"हा रविवार तर न्हाईच सोडता येणार," हे म्हणाले आणि उठून गेले.

तिथं माझं टाळकं सणकलं. शुक्रवारी हे बाजारात गेले, मी गणपतीला हात जोडले, माफ कर म्हणाले, आणि चिठ्ठी उचलली. जेवायला आलेल्या वैष्णवीच्या हातात दिली. तिच्याकडंबी हाच खेळ होता, पण सेकंडहँड, बिनकोडचा. "घे, सोमवारपर्यंत वापर. सोमवारी जशीच्या तशी परत दे."

चिठ्ठी फाडायची किंवा चुलीत घालायची, असं मनात नव्हतं हो. माझ्या मेसमधी पिवळी कुपनं चालतात. एखादी पोरगी गावाकडं गेली की आपली कुपनं मैत्रिणीला देते, उरलेली ती परत करते. जोवर मी कुपन फाडत न्हाई तोवर ते वापरलं न्हाई, असा माझा हिशोब. मला वाटलं, ही चिठ्ठीबी तसलीच. एक रविवार फुकट जाईल, मल्या तिकडं बसंल बोंबलत, आणि सोमवारी चिठ्ठी जागेवर. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

रविवारी नऊला हे देवापुढं आले. गणपती गेलेला, पाट रिकामा, सीडी हाय, चिठ्ठी न्हाई. आधी पाट उचलला. मग नारळ, मग तांदूळ चाळले. मग कपाट, गादी, निर्माल्याची पिशवी. मी कणीक मळत बघत होते आणि खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला मजा वाटली. मग ह्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. निर्माल्यातलं एकेक फूल उलगडून बघत होते आणि तोंडानं पुटपुटत होते, "तो बसला असंल. तो बसला असंल."

मी कणकेच्या हातानं तशीच पळाले मागच्या गल्लीत.

"वैष्णवी, चिठ्ठी दे!"

"काकू, घ्या की, पण ती आता…"

ऐकतंय कोण! हिसकावली आणि पळत आले. "हे बघा, शेगडीमागं उडून गेली होती." चिठ्ठी अखंड. कुठं फाटली न्हाई, चुरगळली न्हाई.

ह्यांनी कोड घातला. टीव्हीवर इंग्रजीत ओळ आली. ह्यांनी परत घातला, एकेक अक्षरावर बोट ठेवून. परत तीच ओळ. तिसऱ्यांदा मला म्हणाले, "तू वाच, मी दाबतो." मी वाचला. वाचता वाचता कळलं, ही चिठ्ठी माझ्या कुपनासारखी न्हाई, वैष्णवीनं एकदा कोड घातला तिथंच तो संपला.

"वापरलेला कोड दिला त्यानं," हे म्हणाले. हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून मी आईबहिणीवरनं शिव्या ऐकल्या. तो गरीब तिकडं देवाच्या शपथा घेत होता. ह्यांनी फोन आपटला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. लगेच फोन वाजला. मलप्पा. हे उचलेनात.

"सांग त्याला लाईट न्हाई म्हणून," हे म्हणाले.

मी फोन घेऊन मागं मेसमधी आले. हॅलो म्हणायच्या आत तिकडनं आवाज. "वीरण्णा, हायस का?"

"मी लता बोलते. त्यांची बायको."

मग एकदम, "वहिनी! तो बरा हाय ना? बोलत का न्हाई? आज तारीख कोणती ते ठाऊक हाय ना तुमाला?"

"तीस."

"भूकंपात आमचं गाव गेलं ती तारीख. त्या सालीबी विसर्जनाचा दुसरा दिवस होता, आणि एकोणीस वर्षांनी आज बी तोच. वहिनी, आमी शेजारी. एका भिंतीच्या दोन बाजूला तेरा तास पडून होतो. दिसत काय नव्हतं. मी गप झालो की तो वरडायचा, मल्या, हायस का? तो गप झाला की मी. तेवढ्यावर जगलो. आज खेळ न्हाई झाला तरी चालंल, पण त्याला बोलू द्या."

"मग भेटायला का येत न्हाई तुमी?" मी विचारलं.

तो हसला. "लातूरच्या पुढं सडक आमच्या गावाकडं जाती, वहिनी. तिकडं तोंड करून बसवत न्हाई. आणि माझा एक पाय राहिला ना तिथं, खांबाखाली. टीव्हीत तेवढा पळतो. तो वरडतो की पळ, पळ."

लातुरात राहून ही तारीख मला ठाऊक नव्हती असं न्हाई, बापाच्या सत्काराच्या नादात ती भूकंपाची म्हणून ध्यानातच आली न्हाई. आठ वर्षं ह्या पळण्यावर जळले होते मी. फोन तसाच हातात धरून पुढं गेले आणि ह्यांच्या पाठीला सांगितलं, "दुकानदारानं न्हाई फसवलं. कोड मी वैष्णवीला दिला. तुमचा आजचा रविवार बुडावा म्हणून दिला. मला बघवत नव्हतं."

हे वळले. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या बिचाऱ्याला शिव्या दिल्या मी," हे म्हणाले. आधी हैदराबादला फोन लावून माफी मागितली. मग माझ्या हातातला फोन घेतला, मलप्पा अजून लाईनवरच होता. सवयीनं दार लोटायला हात पुढं केला, मग तसंच राहू दिलं. स्पीकर लावून फोन टीव्हीपुढं ठेवला. टीव्हीवर ती इंग्रजी ओळ तशीच होती.

"मल्या, हायस का?"

"हाय. तू?"

"हाय."

बाहेर क्लासची पहिली टेस्ट सुटली होती, लेकरं गलका करत चालली होती. कंधारची नऊची गाडी कधीच गेली होती. मी दारात उभी, कणीक हातावर वाळलेली, आत जावं का बाहेर कळंना.

"वीरण्णा," मलप्पानं विचारलं, "एकलाच हायस का रं तिथं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," हे म्हणाले. "लता हाय."