मागच्या रांगेतला आवाज

स्नेहसंमेलनाच्या नाटकात एका मुलीने पद म्हटले. पद संपल्यावर तात्यांनी मागच्या रांगेतून वन्समोर दिला. मुलगी आत निघून गेली. पडदा पडला. त्या दिवसानंतर तात्या नाटकाला गेले नाहीत.

तुम्ही त्या वर्षांत कोल्हापुरात राहत असाल, तर तुम्ही तात्यांना पाहिले नसेल, पण ऐकले असण्याचा संभव आहे. शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात सौद्याच्या वेळी भाव पुकारायचे त्यांचे काम होते. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीपुढे उभे राहून ते सकाळभर पुकारत. बाजाराच्या या टोकाला त्यांनी भाव पुकारला की त्या टोकाचा हमाल मान वर करी. संध्याकाळी हाच आवाज नाटकगृहात, एखाद्या मेळ्यात नाहीतर कॉलेजच्या संमेलनात मागच्या रांगेत येऊन बसे. गल्लीत सगळे त्यांना तात्या म्हणत. इथे तेवढे पुरे.

मी त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो आणि कॉलेजात मराठी शिकवत होतो. माझा आवाज लहान. ते जिन्याखालून विचारत, "मास्तर, तुम्ही शिकवताय म्हणं रोज. कुणाला? पैल्या बाकाला?"

त्यांचे वन्समोर देणे पाहण्यासारखे असे. गाणे संपत आले की ते डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि पाठ ताठ करत. टाळ्या सुरू झाल्या तरी घाई करत नसत. टाळ्या ओसरू लागल्या, पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढला, नट पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात, "वन्स... मोर!" मधे दम घेतल्याशिवाय तो शब्द त्यांना पुरा वाटत नसे. नट थांबे, हसे, आणि पेटीवाला पुन्हा भात्याला हात घाली.

हा इंग्रजी शब्द आहे, असे मी त्यांना एकदा सांगितले. इंग्रज जाऊन फार दिवस झाले नव्हते. तात्या जरा विचारात पडले.

"इंग्रजाचा व्हय? मग एवढं एक तरी बरं ठेवून गेला की त्यो."

वन्समोरविषयी त्यांचे एक ठाम मत होते आणि ते आमच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडले नव्हते. ते म्हणत, "पैल्यांदा म्हणतोय ते पाठ केल्यालं असतंय, मास्तर. दुसऱ्यांदा म्हणतोय ते आपल्याकडं बघून. मी त्या दुसऱ्यासाठनं जातोय."

खाली चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला, काकूंना, हे ऐकू जाई. "नाटकवाल्यास्नी वन्समोर. माझ्या आमटीला एवढ्या वर्षांत एकदा तरी दिला व्हय?"

"दुसऱ्यांदा वाढून घेतोय त्यो काय मग?" तात्या म्हणत, आणि ताट पुढे सरकवत.

त्यांच्या मताला आधार होता. एका वर्षी आमच्या संमेलनात स्त्रीभूमिका करणारा मुलगा पदाच्या दुसऱ्या ओळीत अडकला. विंगेतून सांगितलेले त्याला ऐकू येईना. पद कसेबसे संपले. सभागृहात कुजबुज सुरू झाली आणि तेवढ्यात तात्यांचा वन्समोर आला. पोरगा दचकला, लुगड्याच्या पदराने त्याने कपाळ पुसले आणि पद पुन्हा म्हटले. या वेळी ते इतके सुरेख झाले की पोरांनी बाके वाजवली. परतताना तात्या म्हणाले, "पडल्याला उठवायचा असंल तर हात धरायचा न्हाय, मास्तर. पुन्ना खेळ म्हणायचं." कुस्तीच्या तालमीत, लाल मातीत वाढलेल्या माणसाला हे सुचणे साहजिक होते.

रेडिओवर मात्र त्यांचा राग होता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात नवा रेडिओ आला, तेव्हा सारी गल्ली चहाच्या निमित्ताने तिथे जमू लागली. तात्याही आले. एका बाईचे गाणे लागले होते. त्यांना ते फार आवडले. टोपी गुडघ्यावर आली. गाणे संपले आणि तात्यांनी वन्समोर दिला. हॉटेलमालकाच्या हातातली बशी हलली. रेडिओवर दुसरेच गाणे सुरू झाले.

"ओ पावणं," कुणीतरी म्हणाले, "बाई दिल्लीला हाय, हितनं कसं ऐकू जाणार?"

"मग आपुन कशाला ऐकायचं?" तात्या उठले. "बहिरं हाय हे. आपुन हाय का न्हाय, ह्याला ठावं न्हाय."

मी हे सगळे हसून ऐकत असे. आज लिहिताना हसू येत नाही.

ज्या संमेलनाबद्दल मी सुरुवातीला लिहिले, ते त्यानंतरचे. त्या वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच मुलाबरोबर मुलगी रंगभूमीवर उभी राहणार होती. मुलगी माझ्याच वर्गातली, कचेरीतल्या एका कारकुनाची. तिच्या गळ्यात गाणे होते. तिच्या घरी परवानगी मागायला मीच गेलो. वडिलांनी आधी तिच्या आईकडे पाहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही असणार ना तिथं?" मी हो म्हटले. तालमींना तिची आई रोज येऊन वर्गाच्या दाराशी बसे. तात्या तालमींना येत नसत. "तालमीला वन्समोर नसतोय," असे त्यांचे म्हणणे. पण माझ्याकडून ते रोज विचारून घेत, "पोरगी कशी म्हणतीया?"

प्रयोगाला सभागृह भरले होते. मी विंगेत पुस्तक घेऊन उभा होतो. तिने पद सुरू केले. सभागृह शांत झाले. आमच्या पोरांना इतके शांत मी वर्गातही पाहिले नव्हते. शेवटच्या ओळीत वर जाताना तिचा आवाज फाटला. एवढेच झाले. ती खाली आली, समेवर आली, पद पुरे केले. टाळी आली नाही. कुणालाच काय करावे कळले नाही. आणि त्या शांततेत मागून आवाज आला, "वन्स... मोर!"

तो आवाज कसा होता हे मला माहीत होते. तसाच होता, पडलेल्या पोराला पुन्हा खेळ म्हणणारा. पण तुम्ही कॉलेजात शिकला असाल तर तुम्हाला हेही ठाऊक असेल की संमेलनात वन्समोरचा आणखी एक अर्थ असतो. कुणी अडखळले, कुणाची मिशी गळून पडली की पोरे वन्समोर देतात. डाव्या कोपऱ्यातून शीळ आली. मग एक आवाज, मग दहा, मग सगळा मागचा भाग. वन्समोर, वन्समोर, आणि बाकांवर पाय. तात्या उठून उभे राहिले होते. पोरांकडे तोंड करून ओरडत होते, "गप बसा की! गप! तसं न्हवं रे!" त्यालाही पोरे हसली.

पेटीवाल्याला वाटले, खरेच पुन्हा म्हणायचे आहे. त्याने सुरुवातीचे सूर धरले. तिने विंगेकडे, माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने तोंड उघडले. आवाज निघाला नाही. मग तिने पदर नीट केला आणि घाई न करता, जणू नाटकात तसेच लिहिले आहे अशी, ती आत गेली.

प्रयोगानंतर तात्या सभागृहाच्या पायरीवर बसले होते. टोपी हातात होती.

"मास्तर, मी तसं न्हवतो म्हणत."

"मला माहीत आहे, तात्या."

"तुमास्नी म्हाईत हाय. तिला म्हाईत हाय?"

मुलगी पुन्हा कॉलेजात आली नाही. तिचे वडील नाव काढायला आले, तेव्हा वऱ्हांड्यात माझ्यासमोर क्षणभर थांबले. "तुम्ही होता की तिथं," एवढेच म्हणाले आणि नमस्कार करून गेले. ओरडणारी पोरे माझ्याच वर्गातली होती. हजेरी घेताना मी बरेच दिवस मान वर करत नसे. त्यांनाही ते कळत असावे. "हजर" फार हळू म्हणत.

वर्षाच्या आत तिचे लग्न झाले आणि ती पन्हाळ्यापलीकडच्या मलकापूरला गेली.

तात्यांचे नाटक सुटले. बाजारात कामापुरता आवाज राहिला, पण गाडीवाल्या पोरांना गोष्ट कळली होती. तात्यांनी भाव पुकारला की थप्पीमागून कुणीतरी "वन्समोर!" म्हणे. पूर्वीचे तात्या असते तर त्या पोराच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. आता ते ऐकून पुढचा भाव पुकारत.

आणि मग एके दिवशी त्यांनी घरात रेडिओ आणला. मी जिन्यावरच थबकलो.

"बहिरा म्हणत होता ना तुम्ही याला?"

"म्हणून तर आणला," ते म्हणाले. "मी काय बी बोललो तरी आतल्या बाईला ऐकू जात न्हाय. तिचं गाणं मोडत न्हाय."

ते भिंतीला टेकून ऐकत. टोपी डोक्यावर असे. एक गाणे संपून दुसरे लागे, त्याचे त्यांना काही वाटत नसे. काकू मला हळूच म्हणाल्या, "पैला वरडायचे तेव्हा मी कावत होते. आता वरडत न्हाईत तर घरात माणूस हाय असं वाटंना झालंय."

अधूनमधून ते विचारत, "मलकापूरची काय खबर?" मला नसे. एकदा तिच्या भावाकडून कळले की तिला मुलगा झाला आहे. तात्यांना सांगितले, तर दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते जिन्याखाली उभे. "चला, मास्तर. तोंडदेखत सांगून येतो."

मलकापूरच्या मोटारीत ते खिडकीपाशी बसले. पन्हाळ्याचा डोंगर मागे गेला तरी त्यांचे ओठ हलत होते. मी कान दिला. "बाई, त्यो आवाज माझा. चेष्टा न्हवती. पुन्ना म्हणावं असं वाटलं, म्हणून." पुन्हा पहिल्यापासून. सबंध वाट ते पाठ करत होते.

तिने दार उघडले आणि "सर!" म्हणून तिचा चेहरा फुलला. सासूबाई समोर येऊन बसल्या. तात्या माझे घरमालक, एवढेच मी सांगितले. पोहे आले, चहा आला. "तुम्ही हिला काय शिकवत होता?" सासूबाईंनी विचारले. मराठी, मी म्हटले. तिने खाली पाहिले. त्या घरात नाटकातले कुणाला माहीत नव्हते, हे तात्यांना माझ्याआधी कळले. सबंध वेळ ते बोलले ते एवढेच, "व्हय," आणि "बास." तेही तोंडावर हात धरून. शाहूपुरीतला सर्वांत मोठा आवाज त्या खोलीत लपून बसला होता.

निघताना ती मूल कडेवर घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत आली. मी हळूच विचारले, "गाणं?"

"नाही सर." मग मागे पाहून ती हलक्या आवाजात म्हणाली, "पोरांचं काही नाही हो. पोरं ओरडायचीच. ते मी विसरले. पण पहिल्यांदा ओरडला तो मोठा माणूस होता. माझ्या वडिलांच्या वयाचा आवाज. पोरांनी चेष्टा केली तर केली. त्यांनी कशाला करावी?"

तात्या तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी टोपी काढली. तोंड उघडले. गळ्याची शीर वर आलेली मी पाहिली.

"अगं, दूध उतू जातंय!" आतून हाक आली. ती "येते हं, सर" म्हणून वळली, आणि तात्यांनाही वाकून नमस्कार करून गेली.

परतीच्या वाटेवर मी म्हटले, "आवाज ओळखेल म्हणून थांबलात ना?"

"न्हाय मास्तर," ते म्हणाले. "भ्यालो."

पुढच्या खेपेला नक्की, असे ते म्हणत राहिले. तिचा नवरा घरी असताना नको, सासू देवळात गेली की बरे, असे बेत करत. मी एकदा म्हटले, मीच जाऊन सांगू का? ते एकदम जुन्या आवाजात ओरडले, "न्हाय! चूक माझ्या तोंडातनं गेलीया, माफी बी माझ्याच तोंडातनं जाऊ दे." त्यानंतर त्यांना ताप आला. आजारपणात रेडिओ लावू का विचारले तर हाताने नको म्हणाले. गुऱ्हाळे सुरू होण्याच्या सुमारास ते गेले. बाजारातून माणसे आली होती. गाडीवाली पोरेही होती. त्यांतले एक पोर फार रडले.

मी तात्यांना शब्द दिला नव्हता, पण त्यांनी नको म्हटले होते. त्यांच्या नकाराआड मी किती दिवस बसायचे, हे मला ठरवता येत नाही. मलकापूरची मोटार रोज सकाळी सुटते. मी गेलेलो नाही. ती तिथेच असते आणि गात नाही. तो आवाज कुणाचा होता आणि त्याला काय म्हणायचे होते, हे तिला माहीत नाही.